मी पोचवलेला खोटा निरोप

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. पुस्तके बांधण्याच्या कारखान्यात माझे सगळे आयुष्य गेले. माझी फळी एकसंध आहे, जोड कुठेच नाही. पाहुणे आले की कारखाना चालवणारे मास्तर माझ्यावर थाप मारून म्हणत, "अशी फळी आता शोधून सापडायची नाही." मला ते ऐकायला आवडे.

माझ्या एका बाजूला काकू बसत. छापील कागदांची चळत माझ्यावर ठोकून ठोकून त्या तिच्या कडा जुळवत. समोर पाने शिवणारी बसे. ती इतकी लहानखुरी आणि कामाला इतकी चिवट, की सगळे तिला मुंगी म्हणत.

मुंगीला दिवस गेले. सातवा महिना सरला तसे तिचे स्टूल माझ्यापासून बोट बोट मागे जाऊ लागले. सुजलेले पाय चपलांत मावेनात, म्हणून ती नवऱ्याच्या चपला घालून येई. जरा शिवले की धाप लागे, आणि दर अर्ध्या तासाने उठावे लागे.

"मुंगीचा हत्ती झाला गं," काकू म्हणत. "टेबल मोडू नकोस म्हणजे मिळवलं."

"मोडेन की. तुमच्याच बाजूनं मोडेन," मुंगी म्हणे.

हसता हसता मध्येच तिचे डोळे भरत. का, ते तिलाही सांगता येत नसे. माझे खण तिने एका आठवड्यात तीनदा पुसले. "मला जमेल ना हो, काकू?" असे ती रोज एकदा तरी विचारी. आणि तिचे पोट माझ्या कडेला टेकले, की आतून एक लाथ मला बसे. त्या लाथेची मी वाट पाहू लागले.

नवव्या महिन्यात एका दुपारी लाथ आली नाही.

"काकू, सकाळपासून गप्प आहे हे."

"दिवस भरत आले की बाळ निजतं. जागा कुठे उरते त्याला?" काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चळत ठोकायला घेतली.

तो हादरा माझ्या फळीतून सरळ पलीकडे गेला आणि मुंगीच्या पोटाला लागला. तिचा चेहरा उजळला.

"हललं बघा," ती म्हणाली, आणि पुन्हा सुई ओवली.

मित्रांनो, ते बाळ नव्हते. ते मी होते. ती संध्याकाळपर्यंत शिवत राहिली. बाळ घरी आले नाही.

मुंगी कामावर परतली, त्या दिवशी काकूंनी चळत मांडीवर घेऊन जुळवली.  पण अजूनही एखाद्या रिकाम्या दुपारी माझ्या कडेला ती लाथ बसते. समोर कोणी नसते.

दोन वर्षांनी स्टूल पुन्हा मागे सरकले. तीच सूज, तीच धाप. हसणे मात्र कमी. आठवा महिना संपता संपता एका सकाळी मुंगीने सुई खाली ठेवली.

"काकू, ठोकू नका जरा."

काकूंचे हात हवेतच राहिले. मुंगी स्टूल घेऊन माझ्यापासून लांब, खोलीच्या मधोमध जाऊन बसली. दोन्ही तळवे तिने पोटावर ठेवले. कुणीतरी कागद कापायचे यंत्र बंद केले. बराच वेळ गेला.

"मी दवाखान्यात जाते."

"अगं, थोडं गोड खाऊन बघ आधी, हलेल ते," मास्तर म्हणाले. "उद्या पुस्तकं द्यायचीत."

"मग उद्या देऊ नका," मुंगी म्हणाली. काकू तिच्याआधीच दाराशी पोचल्या होत्या.

त्याच दुपारी पोट चिरून मुलगी झाली. लहानशी, पण रडणारी.

मुंगी गेल्या महिन्यात वारली. तिच्या सुयांचा डबा न्यायला ती मुलगी आली होती. आता तिचेही केस पांढरे होऊ लागले आहेत. आईच्या जागी उभी राहून तिने माझ्या कडेवर हात ठेवला. आपल्याआधी तिथे कोण होते, ते आईने तिला एकदाच सांगितले होते. तो भाऊ होता की बहीण, हे मलाही ठाऊक नाही. मी फक्त लाथ ओळखते.

मित्रांनो, दिवस भरत आलेली तुमची आई, मावशी किंवा ताई म्हणाली, की बाळ आज गप्प आहे, तर तिला उद्यावर ढकलू नका. हातातले काम ठेवा, मोठ्यांना हाक मारा, तिला त्याच घटकेला दवाखान्यात न्यायला लावा. माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका. मी लाकूड आहे. मला कुणीही ठोकले तरी मी हलते.