हात पोचेल एवढा वाफा

"बाई, तुम्ही कधी गणितात नापास झाला होता का?"

प्रश्न तोंडातून सुटला आणि भिंगरीला वाटलं, आता आपलं काही खरं नाही. टेपचं टोक तिनं बाईंच्या खांद्याशी धरलं होतं, ते आणखी घट्ट धरलं, जणू बाई उठून पळूनच जाणार होत्या. बाई कुठल्या पळतायत! त्या चाकाच्या खुर्चीत होत्या. पळायची वेळ आलीच तर ती भिंगरीवर येणार होती.

पैज लागली होती शाळेतल्या नळाजवळ. तिची मैत्रीण लंबू म्हणाली, "हिंमत असेल तर विचारून दाखव." दुसरी मैत्रीण चष्मा म्हणाली, "ही कसली विचारतेय! दारातच हिची बोबडी वळेल." त्यावर भिंगरी म्हणाली, "बघाच." हल्ली तिचं असंच होतं. गेल्या वर्षापर्यंत हजेरीला 'हजर' म्हणतानाही ही मुलगी बाकाखाली बघायची. मग वक्तृत्व स्पर्धेत ध्यानीमनी नसताना दुसरी आली आणि कुणीतरी आतून बूच काढल्यासारखी बोलायलाच लागली. पायाला भिंगरी होतीच, आता जिभेलाही लागली.

आणि बाई म्हणजे कुणी साधीसुधी आसामी नव्हे. तीस वर्षं गणित शिकवलेलं. लंबूच्या आईला शिकवलेलं, चष्म्याच्या मावशीला शिकवलेलं, खुद्द भिंगरीच्या आईला शिकवलेलं. आई तर अजूनही त्यांच्यासमोर पाठ ताठ करून उभी राहायची, हातात फावडं असलं तरी.

"टेप ढिला सोडू नकोस," बाई म्हणाल्या. हात लांब करून बोटाच्या टोकाशी त्यांनी टेपची डबी धरली होती. चष्मा कपाळावरून नाकावर आणून त्यांनी आकडा वाचला, "एकोणसाठ." आणि त्याच सुरात पुढे म्हणाल्या, "झाले होते की. सातवीत. दोनदा."

"दोनदा?"

"मग? एकदा झालं तर लोक म्हणतात, चुकून झाली असेल. लिहिलंस का?"

भिंगरीनं लिहिलं. डोक्यात नुसता धुमाकूळ चालला होता. बाई! नापास! दोनदा! उद्या नळाजवळ हे सांगताना आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, हेसुद्धा तिनं तेवढ्यात ठरवून टाकलं. पेन्सिल आपली आपली चालली आणि चिठ्ठीवर उमटलं, ६९.

"नीट ऐक हं," बाई खुर्ची वळवत म्हणाल्या. "वाफा भिंतीला लागून होणार. माझी खुर्ची त्याच्या बाजूला आडवी लागणार. तिथून भिंतीजवळच्या शेवटच्या ओळीपर्यंत माझा हात गेला पाहिजे. शेंगांचा वेल लावायचाय मला तिथे. 'जरा तेवढं रोप लावून दे गं', 'जरा ते गवत उपटून दे रे' असं मी कुणाला म्हणणार नाही. जिथे माझा हात पोचत नाही, तो वाफा माझा नाही."

"पोचणार म्हणजे पोचणारच!" भिंगरी म्हणाली.

आई-बाबा दोघं मिळून लोकांच्या बागा करून द्यायचे. एरवी माप घ्यायचं ते बाबांनीच. तिथे आईचीही डाळ शिजायची नाही. पण त्या दिवशी बाबा वखारीत लाकूड निवडायला गेले होते आणि आई बाईंच्या अंगणात दोरी बांधून चर आखत होती. निघताना बाबांनी कमरेचा टेप काढून भिंगरीच्या हातात दिला होता. "तूच घे माप," एवढंच म्हणाले होते. ती घरभर नाचली होती. आता कुणी 'तू लहान आहेस, बाजूला हो' म्हणणार नव्हतं. ती माप घेणारी होती!

पुढच्या शनिवारी सकाळी स्लीपर आले. स्लीपर म्हणजे पायातल्या नव्हेत. "तुझे बाबा चपलांची बाग करतात?" असं लंबूनं विचारून झालं होतं. हे रेल्वेच्या रुळांखाली आडवे टाकतात तसले, जाडजूड लाकडी ठोकळे. पण जुने नाहीत, कोरे. जुन्यांना काळं तेल पाजलेलं असतं. ज्या मातीतलं खायचं तिथे ते नको, यावर बाबा ठाम होते. एकेक ठोकळा असा वजनदार, की आई आणि बाबा दोन टोकांना धरून 'एक, दोन, हं!' म्हणायचे आणि मग चार पावलं कुणीच काही बोलायचं नाही.

आधी पायवाटेच्या कडेचं काम झालं. अर्धे जमिनीत, अर्धे वर असे स्लीपर ओळीनं बसले, म्हणजे खुर्चीचं चाक घसरून मातीत जायला नको. भिंगरीनं चरात खडी पसरली, आईनं धुम्मस मारून ती दाबली. मग वाफा. बाबांनी कानावरची पेन्सिल काढली, चिठ्ठी गुडघ्यावर पसरली आणि पहिल्या स्लीपरवर टेप ओढला.

"एकोणसत्तर!" ते मोठ्यानं म्हणाले. कापायच्या आधी आकडा मोठ्यानं म्हणायची त्यांची पद्धत होती.

भिंगरीचा खडीचा हात थांबला.

बाई 'साठ' म्हणाल्या होत्या. एकोण-काहीतरी, पण शेवटी साठ. बाबा म्हणतायत सत्तर. तिच्या शाळेत गणित सगळं फिफ्टी, सिक्स्टीमध्ये. एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे मंडळी तिला नेहमीच संशयास्पद वाटत आली होती. नावात एक दहा, आकड्यात दुसराच. पण बाबांचं बोट टेपवर सिक्स्टी नाइनवर होतं, हे तिला दिसत होतं. म्हणजे सत्तर म्हटलं की सिक्स्टी नाइन. मग साठ म्हटलं की...

करवत सुरू झाली. भुसा उडाला.

सांगायचं होतं तर आत्ता. एक तुकडाच तर कापलाय. ती दोन पावलं पुढे आलीसुद्धा. तेवढ्यात वखारवाला ट्रकची दोरी गुंडाळत म्हणाला, "काय साहेब, आज माप कुणाचं?" आणि बाबा करवत थांबवून म्हणाले, "आमच्या लेकीचं." असे म्हणाले, की वखारवाल्यानं वळून तिच्याकडे बघितलं.

भिंगरी दोन पावलं मागे गेली.

आपल्यालाच नीट आठवत नसेल, ती स्वतःला म्हणाली. बाई एकोणसत्तरच म्हणाल्या असतील. घरी जाऊन आठवू. असं म्हणेपर्यंत सहाही आडवे तुकडे कापून झाले. पहिला थर चरात बसला. बाबांनी त्यावर पाणसळ ठेवली, काचेतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत हातोड्यानं टोले दिले. मग ड्रिलनं आरपार भोकं, मग वीतभर लांब स्क्रू. दुसरा थर. तिसरा थर. एकेक स्क्रू आत जाताना जो करकर आवाज करायचा, तो भिंगरीला आपल्या दातांत ऐकू यायचा. ती पाणी आणायला गेली आणि रिकाम्या हातानं परत आली. पुन्हा गेली, तर तांब्या आणला आणि पाणी राहिलं.

"तुला काय मुंग्या चावतायत का गं?" आई म्हणाली. "एका जागी उभी राहा की."

"मी उभीच आहे."

"मग अंगण का हलतंय?"

एरवी भिंगरीनं उलट उत्तर ठेवून दिलं असतं. आज तिनं मुकाट्यानं प्लास्टिकचा कागद उलगडला आणि आईला आतल्या बाजूला पिना मारायला धरून दिला. तळाला खडी गेली. मग माती. घमेलं भरायचं, उचलायचं, ओतायचं. चाळीसपर्यंत तिनं मोजलं, पुढे सोडून दिलं. प्रत्येक घमेल्यागणिक ती मनात म्हणायची, हे शेवटचं, याच्यानंतर सांगते. आणि पुढचं घमेलं आपोआप हातात यायचं.

खिडकीच्या काचेवर टकटक झाली. आत बाई. मांडीवर रोपांचा ट्रे, त्यात बोटाएवढी हिरवी रोपं. त्यांनी दोन बोटं नाचवून विचारलं, येऊ का?

"आज नको बाई!" बाबा ओरडले. "पाणी मारून माती बसू दे. उद्या दुपारी लावा निवांत!"

बाईंनी मान डोलावली. पण खिडकीतून हलल्या नाहीत. वाफ्याकडे बघत राहिल्या, लहान मूल दुकानाच्या काचेकडे बघतं तशा. तीस वर्षं ज्यांच्या नुसत्या खाकरण्यानं वर्ग गप्प व्हायचा, त्या बाई!

आई-बाबा हत्यारं गाडीत टाकत होते तेव्हा भिंगरीनं टेप काढला. वाफ्याच्या बाहेरच्या काठापासून भिंतीकडे एकोणसाठ धरलं, मनातल्या मनात फिफ्टी नाइन म्हणत. तिथे मातीत बोट खुपसलं. बोटापुढे, भिंतीच्या अंगाला, तिचा तळहात आडवा बसला आणि वर थोडी जागा उरली. नेमकी वेलाची जागा.

"काय मोजतेस गं?" बाबांनी हाक मारली.

"काही नाही. सहज."

घरी येऊन तिनं अंघोळ केली. नखांतली माती निघेना, म्हणून परत केली. मैत्रिणींचा फोन आला. लंबू ओरडत होती, "बाईंचं ते नापास प्रकरण आणखी एकदा सांग ना, माझ्या आईला ऐकायचंय!" भिंगरी म्हणाली, "नंतर." "नंतर?" लंबूला स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. "तू बरी आहेस ना?"

जेवायला तिघं बसले. बाबांनी हात ताणून मोठी जांभई दिली. भिंगरीनं पाण्याचा पेला उजवीकडून डावीकडे ठेवला, डावीकडून उजवीकडे ठेवला.

"आई, एकोणसाठ म्हणजे किती?"

"साठाला एक कमी. का? एवढी मोठी घोडी झालीस आणि हे विचारतेस? बाईंनी ऐकलं असतं तर मलाच उभं केलं असतं."

"मग मी चुकीचं लिहिलंय."

आणि तिनं सगळं सांगून टाकलं. पैज, प्रश्न, सातवीत दोनदा, साठ आणि सत्तर, बोटापुढचा तळहात. पहिला तुकडा कापतानाच कळलं होतं हेही सांगितलं. ते सांगताना मात्र ती पेल्याशी बोलत होती.

आईच्या तोंडून आधी निघालं ते असं, "बाई नापास झाल्या होत्या?"

"अगं ते सोड!" बाबा म्हणाले. ते भिंगरीकडे वळले. "पहिल्या तुकड्यालाच कळलं होतं तर मला हाक मारायला काय झालं होतं? मी काय खाल्लं असतं का तुला?"

"तुम्ही वखारवाल्याला म्हणालात ना, लेकीचं माप."

बाबांनी ताट पुढे सारलं. खांदा चोळला. दिवसभर ठोकळे उचलून तो दुखत होता, हे तिला दिसत होतं.

"हे बघ," ते म्हणाले, "दहा सेंटिमीटरचा प्रश्न आहे. मागच्या ओळीला एखादी लांब दांड्याची खुरपी देऊ. काम चालून जाईल. आणि मी सांगतो बाईंना फोनवर. माझ्या हातून झालं म्हणतो. धंद्यात होतं असं, त्यांना त्याचं काही वाटणार नाही. तू नको मध्ये पडूस."

"बरोबर आहे," आई म्हणाली. "शाळकरी पोर तू, तुला कोण काय म्हणणार आहे?"

दोघंही इतक्या मायेनं बोलले, की भिंगरीच्या डोळ्यांत पाणीच आलं. आणि त्याच क्षणी तिला खूप रागही आला. बाबांची चूक ठरली, तर माप बाबांचं ठरलं. मग ती कोण? टेप धरणारी पोर. दोरीचं टोक पकड म्हटलं की पकडणारी, सोड म्हटलं की सोडणारी. आणि बाई काय करणार? लांब दांड्याच्या खुरपीनं वेल लावायचा प्रयत्न करणार, तो जमणार नाही, आणि मग एक दिवस खिडकी उघडून कुणालातरी हाक मारणार.

खुर्ची मागे सरकवून ती उभी राहिली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचे पाय एका जागी होते.

"फोन कुणी करायचा नाही," ती म्हणाली. "उद्या सकाळी साडेसहाला मी बाईंकडे जाणार. माप मी चुकीचं लिहिलं, आणि कळल्यावरही गप्प बसले, हे मी सांगणार. मग वाफ्यातली सगळी माती मी उपसणार, सगळे स्क्रू काढणार, आणि ते सहा तुकडे दहा-दहा सेंटिमीटरनं कापून पुढची बाजू आत घेणार. दुपारी बाईंनी त्यांच्या हातानं तिथे वेल लावायचाय. तुम्ही दोघं आलात तर ठोकळे उचलायला या, ते मला एकटीला उचलवणार नाहीत. पण माझ्या वतीनं तिथे कुणी एक शब्द बोलायचा नाही."

"बाई तुला दारातच उभी करतील," आई म्हणाली.

"करू देत," भिंगरी म्हणाली. "मी जाणार आहे."