चाहूल बुरुजावर चढते

शनिवारी दुपारी भोंगाबाईंचा राक्षस मेला. कुजक्या पुलाच्या मधोमध उभं राहून त्याने शत्रूला अशी काही आरोळी ठोकली, की शत्रू राहिला बाजूला, पूलच खाली आला. "वजन आणि आवाज, दोन्ही नडले," असं म्हणत धाकट्या जाऊबाईंनी त्याच्या नावाचा कागद उलटा ठेवला. भाऊजी तर टेबलावर हात आपटून आपटून हसले.

दोन भाऊ, त्यांच्या दोन बायका आणि जेवणाचं टेबल, एवढ्यावर हा खेळ चाले. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि कल्पनेतल्या एका राज्यात हिंडायचं. धाकट्या जाऊबाई सूत्रधार. समोर काय आहे, कोण आडवं आलं, हे त्या सांगणार. आपण काय करतो ते आपण सांगायचं, आणि जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. पात्राचा पेशा आणि त्याने कमावलेलं कसब फाशाच्या आकड्यात मिळवायचं. जाऊबाई कोर्टात लघुलेखिका होत्या. कुणी काय बोललं हे त्या विसरत नसत आणि कुणाला सूटही देत नसत, नवऱ्याला तर नाहीच.

"नवा राक्षस घ्या, वहिनी," भाऊजी म्हणाले. "या वेळी पुलांपासून लांब राहा म्हणजे झालं."

"राक्षस नको," भोंगाबाई म्हणाल्या. "मला लपतछपत जाणारं पात्र हवंय. आली कधी, गेली कधी, कुणाला पत्ता लागू नये असं."

भाऊजींना हसता हसता ठसकाच लागला.

त्यात त्यांचा फारसा दोष नव्हता. भोंगाबाई दारातून आत आल्या की दार लहान वाटे. पोहण्याच्या तलावावर त्या मुलांना शिकवत. या काठावरून त्या काठावरच्या मुलाला 'पाय मार!' म्हणून सांगायचं, तेही चाळीस पोरांच्या कालव्यात, म्हणजे आवाज तसा हवाच. 'भोंगा' हे नाव तिथल्याच पोरांनी ठेवलं आणि ते घरापर्यंत पोचलं. त्यांनी कानात सांगितलेलं गुपित शेजाऱ्यांनाही कळे. लहानपणापासून त्यांनी सगळ्यात जास्त वेळा ऐकलेले शब्द होते, 'अगं, हळू.' खेळातही सगळ्यांनी त्यांना गृहीत धरून राक्षसच दिला होता.

"पण चोर मी आहे," भाऊजी म्हणाले. "आणि एक पेशा दोघांनी घ्यायचा नाही, हा आपला नियम."

"चोर नकोच मला. दुसरं काहीतरी करीन."

"चोराशिवाय चोरपावलं कुठून आणणार?"

"ते माझं मी बघते."

बघते म्हणाल्या खऱ्या, पण कसं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आठवडाभर नियमांचं जाडजूड पुस्तक त्यांच्या पिशवीत होतं. एक तुकडी पाण्याबाहेर निघून दुसरी येईपर्यंत उथळ बाजूच्या बाकावर बसून त्या वाचत, ओल्या बोटांनी पानं फुगवत. शिकाऱ्याची चाल चांगली होती, पण तो जंगलातच उपयोगाचा. मांत्रिक अदृश्य होई, पण जिन्यावर त्याचे पाय वाजतच. बुधवारी त्या गवयाच्या पानावर आल्या आणि थबकल्या.

रात्रीची भांडी आवरताना त्यांनी नवऱ्याला सांगितलं, "गवई घेतेय."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. माणूस शांत, बोलण्याआधी दोनदा विचार करणारा. "गवई? लपायला?"

"अरे, गवयाला सगळ्यांच्या कसबातलं थोडं थोडं येतं. आणि दोन कसबं तो दुप्पट करू शकतो, कुठलीही. मी दबकी चाल आणि हातचलाखी दुप्पट करणार. शिवाय तो आवाज फेकतो. बोलतो इथे, ऐकू येतं तिथे."

"बरं. आणि?"

"आणि जोडीला थोडी पुजारीण, दोन पेशे जोडता येतात. मौनाच्या देवतेची. ती एक वर्तुळ टाकते, त्यात कसलाच आवाज होत नाही."

नवऱ्याने हातातलं ताट खाली ठेवलं. "म्हणजे गाणारी, आणि वर मौनाची पुजारीण. त्या वर्तुळात तुला गाता येईल का?"

"नाही ना! तिथेच तर गाडी अडते." त्या हसल्या, आणि मग जरा वेळाने म्हणाल्या, "तुला सांगू? मी पाण्याखाली जाते ना, तळाशी, तेव्हा माझा काही म्हणजे काही आवाज होत नाही. एवढी मोठी मी, पण वर पोरांना कळतसुद्धा नाही मी कुठून निघणार ते. तेवढ्यापुरतं मला कुणी 'हळू' म्हणत नाही. मला ते बाहेर करून बघायचंय."

नवऱ्याने हात पुसले. त्याने कागद ओढून घेतला आणि पात्राचं नाव विचारलं.

"चाहूल," त्या म्हणाल्या.

शनिवारी भाऊजींनी तो कागद वाचला आणि कपाळाला हात लावला. "गवई आणि पुजारीण! वहिनी, किल्ल्यात शिरायचंय, मैफल नाही करायची."

जाऊबाईंनी मात्र आकडे दोनदा तपासले. "नियमात बसतंय," त्या म्हणाल्या. "विचित्र आहे, पण बसतंय." आणि त्यांनी किल्ल्याचा नकाशा उलगडला.

किल्ल्याच्या बुरुजावर एक घंटा होती. ती वाजली की तटावरचे दगडी सैनिक जिवंत होत. खाली दरीत आपली फौज थांबली होती. घंटेच्या पोटात लोंबणारा लोखंडी गोळा कुणीतरी आवाज न करता काढून आणला, तरच फौजेला वर येता येणार होतं.

"हे काम माझं," भाऊजी म्हणाले आणि नाक वर करून त्यांनी फासा टाकला. दोन पडले. चोराचा पाय बादलीत गेला, बादली जिन्यावरून गडगडत अंगणात पोचली आणि पहारेकऱ्यांनी त्याला उचलून पिंजऱ्यात टाकलं.

भोंगाबाईंचा नवरा धनुर्धारी होता. "मी बाहेरच बरा," तो म्हणाला.

"मग मी जाते," भोंगाबाई म्हणाल्या.

त्या इतक्या हळू बोलल्या की भाऊजी पुढे वाकले. "काय म्हणालात?"

"जाते म्हटलं. अंगणात पहारेकरी किती?"

"आठ," जाऊबाई म्हणाल्या. "आता सगळे जागे आहेत. ह्यांच्या... म्हणजे चोराच्या कृपेने."

"मी भिंतीच्या सावलीत आहे. आवाज फेकते, तबेल्यात. त्यांच्या नायकाचा आवाज. 'घोडे सुटले, धावा!'"

फासा सतरावर थांबला. आठही पहारेकरी तबेल्याकडे पळाले. चाहूल जिना चढली, आणि आता तिच्याभोवती मौनाचं वर्तुळ होतं, म्हणून करकरणारी एकही पायरी करकरली नाही. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

जाऊबाई मात्र मान हलवत होत्या. "वर घंटेपाशी एक म्हातारा पहारेकरी बसलाय. आंधळा. डोळ्यांचं काम कानांनी करतो. तुझं मौन घेऊन तू जवळ गेलीस, ताई, तर त्याला स्वतःचा श्वाससुद्धा ऐकू येणार नाही. त्याला लगेच कळेल. आणि घंटेचा दोर त्याच्या हातातच आहे."

मौन ठेवलं तर पकडली जाणार, सोडलं तर घंटा वाजणार. भोंगाबाईंनी नकाशावर जिन्यापासून घंटेपर्यंत बोट फिरवलं. कुणी घाई केली नाही.

"तो काय करतोय?" त्यांनी विचारलं.

जाऊबाई थोड्या गडबडल्या. हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. "झोप येऊ नये म्हणून... गुणगुणतोय."

"मी जिन्यावर थांबते. मौन काढून घेते. त्याचंच गाणं उचलते आणि आवाज खिडकीबाहेर फेकते. लांबून, दरीतून कुणीतरी तेच गातंय, असं."

आणि त्या खरंच गुणगुणू लागल्या. मोठ्याने नाही. तलावावर ज्या आवाजाने भिंती हलत, तोच आवाज, पण आता इतका बारीक आणि गोड की नवऱ्याने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने तो ऐकला नव्हता. भाऊजींनी फाशांशी चाललेला चाळा थांबवला.

जाऊबाईही हळू बोलू लागल्या. "म्हातारा उठतो. दोर खाली ठेवतो. चाचपडत खिडकीपाशी जातो. त्याची तुझ्याकडे पाठ आहे."

"आता मौन घंटेवर. पण फक्त तिच्या पोटात. टोपलीएवढं. म्हणजे बाहेर माझं गाणं चालू राहील आणि त्याला ते ऐकू येत राहील."

"एवढं लहान करता येतं?" भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी पुस्तक उघडलं. फुगलेली पानं उलटत त्यांनी परिच्छेद दोनदा वाचला. "मोठ्यात मोठं किती, ते लिहिलंय. लहानात लहान किती, ते लिहिलेलंच नाही." त्यांनी पुस्तक मिटलं. "करता येतं. पण गोळा अडकवलेली आकडी लोखंडाची आहे, घट्ट बसलीय. हातचलाखीला अठरा लागतील."

भोंगाबाईंनी फासा मुठीत घोळवला. त्यांनी तो सोडला. टेबलाच्या कडेपर्यंत घरंगळत जाऊन तो थांबला. सहा.

"गेलं," भाऊजी पुटपुटले, आणि त्यांचा आवाज चक्क दुःखी होता.

"थांबा," नवरा म्हणाला. त्याचं बोट कागदावर होतं. "दुप्पट केलेली हातचलाखी. बारा मिळवायचे. सहा आणि बारा..."

"अठरा!" जाऊबाई ओरडल्या. कोर्टात कधी आवाज न चढवणारी ती बाई खुर्चीवरून उठून उभी राहिली. "अठरा! गोळा निघाला! तुझ्या हातात आहे, ताई, आणि तो म्हातारा अजून खिडकीत उभा राहून ऐकतोय!"

मग एकच दंगा झाला. फौज दरीतून वर आली, दरवाजे उघडले, दगडी सैनिक दगडच राहिले. भाऊजींनी भोंगाबाईंचे दोन्ही हात धरून गदागदा हलवले. "वहिनी, मानलं! चोराने हा फासा टाकला असता तर तोंडावर आपटला असता."

"चोर पिंजऱ्यात आहे अजून," नवऱ्याने आठवण करून दिली.

"हो की! वहिनी, मला सोडवा ना."

भोंगाबाई खुर्चीत मागे रेलल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "सोडवीन. पण आधी त्या म्हाताऱ्याचं बघू. तो शत्रूचा असला तरी गातो चांगला. त्याला आपल्याबरोबर नेता येईल का, गं?"

जाऊबाईंनी पेन्सिल उचलली आणि किल्ल्याच्या नकाशाखाली कोऱ्या जागेत म्हाताऱ्यासाठी नाव शोधू लागल्या.