लेकीच्या घरचं पाणी

शकुन अमरावतीला नांदायला गेली आणि इकडे अकोटच्या फुलमळ्यात तिच्या आईचा, पार्वताबाईचा, घास घशात अडकू लागला. पुढे पुढे पाणीही उतरेना. अकोल्याच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा तपासला. "काहीच नाही," म्हणाले. काहीच नाही म्हणे! बाई वाळून काडी झाली, ते कोणाला दिसलं नाही.

अमरावतीला एक डॉक्टर नाडीच्या आधी मनाचं विचारतो, असं कळलं, तेव्हा नत्थुजी बायकोला तिथं घेऊन गेले. डॉक्टरांनी घसा पाहिलाच नाही.

"लेक कुठं दिली, बाई?"

"याच गावात."

"मग भेटून आल्या?"

"कशी जाऊ? तिले लेकरू झालं नाही अजून. तोवर तिच्या घरचं पानी चालत नाही आमाले. अन् पानी न पिता तशीच परतली तं पोरगी रडंन."

डॉक्टरांनी पुडी बांधून दिली. "हे लेकीच्या घरच्याच पाण्यासंगं घ्यायचं. दुसऱ्या पाण्यानं गुण येणार नाही."

"पन रीत..." नत्थुजी चपापले.

"रीत पाण्याची आहे, नत्थुजी. हे औषध आहे."

दोघं तिथून लेकीच्या घरी गेले. शकुननं भरला तांब्या आईच्या हातात दिला. पार्वताबाईनं तो घटाघटा रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला.

पुडी पदराच्या गाठीत तशीच होती. नत्थुजींना ती दिसली. त्यांनी लेकीपुढे ओंजळ धरली.

"मलेही दे, बाई. माह्याही घशात काहीतरी हाय."