छताला पडलेला झोळ

छत चारही बाजूंनी ताणलेलं होतं, तरी मधोमध झोळ पडला होता. मी ब्रशच्या दांड्याने खालून ढोसलं. पाणी साचलं असतं तर कडेने ओघळलं असतं. थेंबही आला नाही. दांडा काढला आणि कुणी कूस बदलून पुन्हा आडवं व्हावं, तसा झोळ सावकाश खाली आला.

आमची कॅराव्हॅन कळंबला बेनेडिक्ट अंकलच्या वाडीत, सुरूच्या झाडांखाली उभी असते. शनिवार-रविवार पाहुणे भाड्याने राहायला येतात. एरवीची साफसफाई माझ्याकडे. नवरा, हर्षवर्धन, ऑफिसला गेला की मी लेकीला, नेहलला, कडेवर घेऊन मनवेलपाड्याहून येते. गाडीच्या बाजूला ओढून काढायचं ते कापडी छत, ऑनिंग, धुवायला सगळ्यात कटकटीचं. साबण सौम्य हवा, ब्रश मऊ हवा, छताचा एक पाय खाली घ्यायचा म्हणजे पाणी निथळतं, आणि ओलं असताना गुंडाळायचं नाही, बुरशी धरते.

मूळ कापड पावसाळ्यात फाटलं. नवं मिळायला वेळ होता, तेव्हा अंकलनी माळ्यावरून एक जुनी ताडपत्री काढून दिली. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून झाकतात, तसली. जाड, मेण लावलेली. ‘असली क्वालिटी आता मिळत नाही,’ म्हणत हर्षवर्धन ती नालासोपाऱ्याला घेऊन गेला आणि शिंप्याकडून मापात शिवून आणली.

त्या दुपारी नेहलची चटई मी छताच्या डाव्या पायाशी टाकली होती, झोळापासून लांब. एक बाजू घासून वळले तर झोळ तिच्या डोक्यावर. मी चटई उजवीकडे ओढली. बादली भरून आले तर झोळ उजवीकडे. मी वाऱ्याला दोष दिला. वारा नव्हता.

शिडी लावून वर चढले. नुकतंच पाइपने सगळं छत भिजवलं होतं, उन्हात चकाकत होतं. झोळातली तेवढी जागा कोरडी होती. लांबट, एका टोकाला गोल.

खाली उतरून हर्षवर्धनला फोन लावला.

“अगं, जुनं कापड आहे. या वयात पोट सुटणारच,” तो म्हणाला.

“चेष्टा नको. तो सरकतोय. नेहल जाईल तिथे सरकतोय.”

“स्वप्ना, रात्री झोपली होतीस का नीट? उद्याच्या पाहुण्यांबरोबर दोन लहान मुलं आहेत. त्यांना सावली लागेल. पट्टे आवळ आणि ये घरी.”

मी फोन ठेवला. नेहल चटईवर उताणी पडून वर बघत होती, हात उंचावून.

“ये ना,” ती म्हणाली. “खाली ये.”

झोळ खाली आला. तिच्या बोटांना जेमतेम टेकेल इतका.

मी तिला कशी उचलली ते आठवत नाही. ती रडायला लागली, तिचा खेळ मोडला म्हणून. तेवढ्यात कुंपणाशी मार्गारेट आंटी दिसल्या, अंकलच्या बायको. आम्ही गाडी लावल्यापासून कधी आमच्या बाजूला फिरकल्या नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. छताकडे बघत होत्या.

“ही कोनी दिली तुला?”

“अंकलनी. माळ्यावर होती म्हणाले.”

“मला म्हनाला, जाळली.” त्या आत आल्या. ताडपत्रीच्या कडेला जुन्या दोऱ्याची एक शिवण होती, तिच्यावर अंगठा फिरवला. “ही माझी शिवन.”

मग त्या चटईवर बसल्या, झोळाच्या बरोबर खाली, आणि काल घडल्यासारखं सांगायला लागल्या. “आमची होडी इथंच असायची, झाकलेली. पोरं वर चढून लोळायची. माझी कॅरल पन. पाऊस पडून गेला की मधे पानी साचायचं. त्या दिवशी ती दिसेना, तर सगळं गाव समुद्रावर गेलं. वल्ही घेऊन, दोर घेऊन. आनि ती दारासमोर होती गं. होडीवर, त्या साचलेल्या पान्यात. ताडपत्री मधे भारानं खाली गेलेली मी बघितली. येता-जाता बघितली. म्हटलं, पानी आहे, नंतर काढू.”

मी नेहलला इतकं घट्ट धरलं की ती ओरडली.

माझ्या डोक्यात एकच होतं, गाडीतली सुरी आणून हे कापड उभं फाडायचं. मी पायरीकडे वळलेसुद्धा.

“कापू नको,” आंटी म्हणाल्या. “तुझ्या पोरीचं काही वाईट करनार नाही ती. खेळायला बघते.”

“आंटी, तेच नकोय मला.”

त्यांना राग आला नाही. त्यांनी मान हलवली. “बरोबर आहे. तू आई आहेस. मग मला दे.”

मी हर्षवर्धनला पुन्हा फोन केला. “उद्याचे पाहुणे रद्द कर.”

“आणि कारण काय सांगू?”

“छत नाही म्हणून सांग.”

नेहलला गाडीत बसवून दार लावलं. पट्टे सोडले, कापड गाडीच्या कडेच्या रुळातून ओढून काढलं. सवयीने बोलून गेले, “ओलं आहे, वाळू द्या, नाहीतर खराब होईल.”

“ओलंच दे,” आंटी म्हणाल्या. “घरी नेऊन पुसते.”

दोघींनी दोन टोकं धरून उचललं. कडा हलक्या होत्या, लोंबत होत्या. मध्ये मात्र भार होता. नेहलपेक्षा थोडा जास्त. दिवसभर एक मूल कडेवर वागवणाऱ्या बाईला हा अंदाज चुकत नाही. मी आत काय आहे ते बघितलं नाही. समोर त्यांच्या घराचं उघडं दार होतं, तिकडे बघत चालले.

उंबऱ्यापाशी आंटी थांबल्या.

“वळ जरा. डोकं माझ्याकडे येऊ दे.”

मी अंगणात वळले, जपून, आणि त्यांच्या हातात ते टोक दिलं.