पत्र्याखालचे बाप

पिंजऱ्यात हात घालायला तिचं मन धजेना. सशाची मादी अंग चोरून बसली होती आणि गवतात दोनच पिल्लं, तीही सुकलेली, धुगधुगी तेवढी उरलेली.

"हीसुद्धा तशीच?" मागून जनावरांचे डॉक्टर म्हणाले.

"हो ना, सगळ्यांची पिल्लं अशीच. माद्यांना काही कमी पडू दिलं नाही हो! पंखे, ओली गोणपाटं. लेकी बाळंतपणाला आल्यासारखं जपलं."

"आणि नर?"

"नर पत्र्याच्या शेडमध्ये. म्हटलं, बापाला काय होतंय!"

डॉक्टर हसले नाहीत. "उन्हाने तापलेल्या नराचं बीज बिघडतं. वरून धडधाकट दिसतो, जुगतोही. पण गर्भ टिकत नाही, टिकला तर पिल्लं अशी. मग मादीला कितीही जपा."

तिचा हात आपसूक पोटावर गेला. पाचवा महिना. नवरा काचेच्या भट्टीवर होता, आणि तिला दिवस राहिले तेव्हा तर आजारी सोबत्याची पाळीही तोच करायचा. घरी यायचा तेव्हा अंगाला हात लावावा तर चटका बसे.

"माणसांचंही... असंच?"

"सशांचं माणसांना लावू नका, बाई," डॉक्टर म्हणाले. पण तिच्याकडे न बघता.

देवा, सांभाळ रे बाबा. वाटभर ती एवढंच पुटपुटत राहिली.

घरी सासूबाईंनी खिडकीला ओली चादर लावली होती. "बस पंख्याखाली. तुला ऊन बाधलं तर माझ्या नातवंडाचं काय?"

तेवढ्यात नवरा आला, घामाने निथळत.

"अरे, वाऱ्याला आडवा येऊ नकोस!" सासूबाई ओरडल्या. "सर तिकडे. तुला काय धाड भरलीय?"

"सरतो बाई! पंखा राणीसरकारांचा, मी भट्टीचा घरजावई," म्हणत तो भिंतीशी टेकला.

तिला हुंदकाच फुटला. मग हलक्या आवाजात तिने सशांचं सगळं सांगितलं. तो आधी हसला. मग हसू ओसरलं.

"मग आता?"

"उद्या तपासणीला तूही चल. जे सांगतील ते मला एकटीने ऐकवणार नाही."

त्याने मान हलवली. पोटाकडे नेलेला हात मध्येच थबकला, जणू आत्ता लावला तरी पोळेल. तिनेच तो ओढून पोटावर ठेवला. आत काही हलतंय का, म्हणून दोघं श्वास रोखून बसली.

"काय झालं?" सासूबाई विचारत होत्या. "अगं, कुणीतरी बोला ना!"