सत्यवतीबाईंची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक फ्लूने कमी आणि देवाचे आभार मानून जास्त आजारी पडले. पाळकाच्या बायकोच्या तोंडी हे शोभत नाही, असं कोणीतरी म्हणेलच. म्हणू दे.

अडुसष्ट सालच्या अखेरीस तो हाँगकाँगचा फ्लू नागपुरात पोचला आणि सदर बाजाराच्या मागे आमच्या ख्रिस्ती वस्तीत घरटी एक माणूस अंथरुणाला खिळलं. माझे यजमान, पाळक कृष्णकांत, यांनी डॉक्टरांना विचारून रविवारी साफ सांगितलं. ताप असेल त्याने घरी राहायचं, उपासना चर्चच्या अंगणात होईल, प्रभुभोजनाचा एकच प्याला सगळ्यांनी ओठाला लावणं बंद, नंतरचा चहाही बंद. लोकांनी हे इतक्या शहाण्यासारखं ऐकलं की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

कारण उपकारस्तुती कोणी बंद केली नव्हती. घरातलं माणूस आजारातून उठलं की घरी प्रार्थना ठेवायची, ही आमच्यातली रीत. एका खोलीत सगळी गल्ली गुडघ्याला गुडघा लावून बसते, पेटीवर गीतं होतात, पाळक आभाराची प्रार्थना करतात, मग शिरा आणि चहा. बरं झालेलं माणूस मधोमध बसून खोकत असतं. चार दिवसांत शिरा खाणारे तापाने फणफणतात. देवकृपेने तेही उठतात, आणि मग त्यांच्या घरी उपकारस्तुती.

या प्रत्येक घरी माझा नवरा हजर. लग्नाआधी यांना क्षय झाला होता. सॅनेटोरियममधून परत आले ते एक फुप्फुस जवळजवळ गमावूनच. जिना चढले तरी वर जाऊन भिंतीला हात टेकून उभे राहतात. हा फ्लू यांना झाला तर खात्री देत नाही, असं डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं. मी ते यांच्या कानावर घातलं.

"मी परत आलो तेव्हा सगळी मंडळी माझ्यासाठी जमली होती," हे म्हणाले. "आता त्यांच्या वेळी मी दार लावून बसू?"

अशा माणसापुढे डोकं आपटण्यापेक्षा भिंत बरी. शेवटी रडून-भांडून मी एवढं कबूल करून घेतलं की साथ ओसरल्यावर सगळ्यांची मिळून एकच उपकारस्तुती करायची, तीही अंगणात. यांनी ते रविवारी जाहीर केलं आणि सोमवारी गोपाळराव आमच्या दारात. पोस्टातून निवृत्त झालेले, मंडळीचे पंच. त्यांची बायको सत्यवतीबाई नुकतीच मरणाच्या दारातून परतली होती. मी त्यांना पायरीवरच थांबवलं.

"बाई, माही बायको गेल्यातच जमा होती," ते म्हणाले. "देवानं वापस देली. आन मी चूप बसू का?"

"चूप नका बसू. दोघं घरी बसून आभार माना. देवाला ऐकू येतं."

"अशी कशी उपकारस्तुती, बाई? मी देवाले शब्द देला. उद्या कोंबडी कापून राहिलो."

"आणि माझा नवरा गेला तर?" माझा आवाज चढला. "सत्यवतीबाईंना हा ताप होऊन गेला, आता त्यांना त्याचं भय नाही. एवढे आभार मानायचे असतील तर ज्या घरात पाणी द्यायलाही कोणी उठत नाही, तिथे त्यांना पाठवा. कोंबडीने कोणाचं भलं होणार आहे?"

"तुमी नगरकडच्या लोकायले आमच्या रीती नाही समजत," असं म्हणून ते गेले.

दुसऱ्या संध्याकाळी मी भाकऱ्या थापत होते, तर पलीकडच्या गल्लीतून पेटीचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तो यांची खुर्ची रिकामी, खुंटीवरचा मफलर नाही. पिठाच्या हातांनीच मी धावले. गोपाळरावांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती आणि मधोमध हे डोळे मिटून प्रार्थना करत होते. प्रार्थना मध्येच तोडत नाहीत, म्हणून मी उंबऱ्यात आमेनची वाट बघत राहिले. यांनी एकेकाचं नाव घेऊन आभार मानले, कोंबडी तेवढी राहिली. त्या वेळी मी मनात जे म्हणत होते, त्याला प्रार्थना म्हणता येणार नाही.

व्हायचं तेच झालं. त्याच आठवड्यात हे तापाने पडले आणि श्वास घेताना छातीतून करकर आवाज येऊ लागला. आणि आता माझी मंडळी एकाएकी आज्ञाधारक झाली. कोणी फिरकेना. गोपाळराव फाटकावर डबा ठेवून लांबूनच ओरडले, "आमी आत नाही येऊन राहिलो, बाई. तुमी सांगतलं तसंच." नियम माझाच होता, तरी तो डबा त्यांच्या डोक्यात घालावासा वाटला. मी एकटीच यांना उठवत होते, शेक देत होते, आणि मला फार भीती वाटत होती.

एका दुपारी सत्यवतीबाई आल्या. अजून धड चालवत नव्हतं, भिंत धरून सरळ आत शिरल्या आणि यांच्या उशाशी बसल्या.

"मले होऊन गेलं हे," त्या म्हणाल्या. "तुमीच म्हटलं म्हणे आमच्या ह्यायले. द्या तो चमचा, आन तुमी जरा पडा."

"तुमच्याच घरून यांनी हे आणलं," मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"माहीत हाये मले. मी मधात बसून होती, साहेबाले दम लागून राहिला होता, मले दिसत होतं. पण माह्या आभाराले सगळे जमले आन मले कोणी विचारलंच नाही, तुले पाहिजे का म्हणून." त्यांनी यांचं कपाळ पुसलं. "मी बी आमेन म्हणून मोकळी झाली."

मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले आणि खूप रडले. त्या रोज येऊ लागल्या. यांच्याजवळ त्या बसल्या की मी झोपायचे.

ताप उतरला, त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून यांना उशीला टेकवून बसवलं. बोलायला जरा दम आला, तर हे म्हणतात काय, "आता एक उपकारस्तुती ठेवली पाहिजे."

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत सत्यवतीबाईंनी पेजेचा चमचा यांच्या तोंडात घातला.

"माही चालूच हाये ना ते, साहेब," त्या म्हणाल्या. "तुमी गिळा."