न केलेलं गणित

पडद्यावरचा लाल ठिपका थरथरत होता, आणि ज्या दोनाच्या आकड्याभोवती तो थरथरत होता तो तिला तिसऱ्या रांगेतून चष्म्याशिवायही ओळखता आला असता. सरांचा हात आता कापतो. सकाळी नोंदणीच्या टेबलाशी सही करताना त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं तिने पाहिलं होतं—आणि पुढे होऊन बोलायचं सोडून ती परिषदेची पिशवी घेऊन बाजूला सरकली होती, आतली वही, न उमटणारं पेन आणि वेळापत्रक मन लावून बघत बसली होती. प्रादेशिक परिषद म्हणजे तरी काय... तीच चाळीस माणसं, केस थोडे कमी झालेली. पहिल्या रांगेत हक्काने डुलक्या काढणारे तेच, 'एकच छोटा प्रश्न' म्हणत पाच मिनिटं स्वतःचं संशोधन सांगणारेही तेच. ती मात्र सतरा वर्षांनी आली होती. सरांचं हे शेवटचं भाषण, पुढच्या महिन्यात ते मुलीकडे कायमचे राहायला जाणार, असं कळलं आणि तिने कॉलेजात रजा टाकली. तीस वर्षं जिभेवर येऊन परत गेलेलं एक वाक्य त्यांना सांगायचं होतं. आज नाही तर कधीच नाही.

"हा दोन आमच्या पेपरात चुकून राहिला," सर सांगत होते. "मी आणि माझी विद्यार्थिनी, आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत बसून गणित केलं आणि दोघांचं उत्तर तेच आलं. तेच चुकीचं. तेव्हापासून मी ताळ्यावर विश्वास ठेवणं सोडलं."

सभागृह हसलं. हा किस्सा सगळ्यांना पाठ होता.

वेगवेगळ्या खोल्या... त्यांच्यामध्ये एकच भिंत होती, पातळ, सरांचं खोकणं ऐकू येईल इतकी. लांबलचक गणित असलं की दोघांनी ते स्वतंत्रपणे करायचं, एकमेकांशी बोलायचं नाही, ही सरांची शिस्त. आपलं संपलं की भिंतीवर टकटक करायची. मग सरांच्या टेबलावर दोघांनी उत्तराच्या चिठ्ठ्या एकदम उलटायच्या, आणि जुळल्या तरी पानांची अदलाबदल करायची, ओळ न् ओळ तपासायची. तिच्या पानांवर सर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहायचे, 'इथे डोकं चालवलंस.' तेवढ्यासाठी ती दिवस दिवस जेवणाचा डबा उघडायची नाही. खिडकीपाशी फळा, फळ्याखाली खडूचा चुरा, दुपारी कलणारं ऊन, भिंतीपलीकडे कागद फाडल्याचा आवाज आला की मनात गुदगुल्या—सरांचंही अडलंय तर. मी इतकी सुखी पुन्हा झाले नाही. नवऱ्याला हे कसं सांगणार? आणि खरी गंमत अशी, की या दोनाचं गणित चालू होतं त्या दुपारी ती त्याच्याबरोबरच सिनेमाला गेली होती. तेव्हा तो नवरा नव्हता, पण दोन तिकिटं काढून दारात उभा होता.

परत आली तेव्हा सर चहाला गेले होते आणि त्यांची पानं टेबलावर उघडी होती. तिची चार पानं झाली होती, सहा बाकी होती. लेख संध्याकाळच्या टपालाने जायचा होता. तिने फक्त शेवटची ओळ पाहिली, आपल्या खोलीत गेली, ती चिठ्ठीवर उतरवली... आणि भिंतीवर टकटक केली. चिठ्ठ्या उलटल्या. जुळल्या. "वा," सर म्हणाले, "आज पानं राहू देत, टपाल निघेल." त्या एकाच दिवशी पानं बदलली गेली नाहीत.

चूक निघाली ती वर्षभराने. दोन कण अगदी सारखे असले तर त्यांची अदलाबदल केलेलं चित्र वेगळं मोजायचं नसतं, शेवटी दोनाने भागायचं असतं. सर भागायला विसरले होते. दुरुस्ती त्यांनी स्वतःच्या एकट्याच्या नावावर छापली. तिने तेव्हा दार लावून ते गणित पहिल्यांदा पुरं केलं. दीड तास लागला. त्यानंतर महिन्याभरात तिने संशोधन सोडून कॉलेजातली शिकवायची नोकरी धरली. सरांनी कारण विचारलं तेव्हा घरच्या अडचणी सांगितल्या, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला याचाही तिला राग आला होता.

चहाच्या सुट्टीत सर व्हरांड्यातल्या बाकावर एकटेच होते. कप अर्धाच भरून घेतलेला, सांडू नये म्हणून.

"ये गं. बस. मघाशी तुझी बदनामी केली, ऐकलंस ना?"

"ऐकलं, सर."

"आवराआवरीत माझी ती पानं सापडली. तुझी आहेत का अजून तुझ्याकडे? तू नेमकी कुठे घसरलीस ते बघायचं राहूनच गेलं."

"नाहीत, सर," ती म्हणाली. आवाज वर्गात निघतो तसा निघाला, सरळ. "नव्हतीच. मी ते गणित पुरं केलं नव्हतं. तुमची शेवटची ओळ पाहून चिठ्ठी लिहिली."

सरांनी कप बाकावर ठेवला. आत घंटा झाली, माणसं हळूहळू दाराकडे निघाली. त्यांच्या रागाला, त्यांच्या दुखावण्याला, अगदी त्यांच्या क्षमेलासुद्धा काय उत्तर द्यायचं ते तिच्याकडे तीस वर्षं तयार होतं.

"नंतर तरी केलंस?"

"चूक निघाल्यावर केलं."

"मग?"

"दोनाने भागलं."

"पहिल्याच फटक्यात?"

तिने होकारार्थी मान हलवली. सर तिच्याकडे बघत राहिले. रागाने नव्हे, पेन्सिल हातात घेऊन पान वाचताना बघायचे तसे.

"माझी चूक तुला दीड तासात दिसली—"

दीड तास हे तिने सांगितलं नव्हतं. त्यांनी गणिताच्या लांबीवरून अंदाज बांधला असणार.

"—आणि मग तू एवढी वर्षं तिकडे काय करत बसलीस गं?"

संयोजक सरांना हाताला धरून आत घेऊन गेला. ती मागोमाग गेली, शेवटच्या रांगेत बसली. व्यासपीठावर कुणी तरुण मुलगी भराभर बोलत होती, चांगलं बोलत होती. छातीवरचं ओझं उतरेल असं वाटलं होतं, आणि ते उतरलंही होतं, पण त्याच्या खाली काहीतरी होतं जे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आजवर तिला सरांबरोबरच्या त्या तीन वर्षांची आठवण यायची. आता त्यांच्या पुढची वर्षं आठवू लागली, जी आलीच नाहीत ती—एकेक, तपशिलासकट, त्यातल्या खोल्यांसह, आणि त्यातलं एकही तिला अनोळखी वाटेना.